लहान वर्गांत परिसर अभ्यास कशासाठी? पालक आणि नवे शिक्षक नेहमी विचारतात ते प्रश्न

बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या वेगवेगळ्या शाळांवर मी पहिली ते पाचवीचे वर्ग घेतले. पालकसभेत आणि केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत तेच ते प्रश्न फिरून येतात. विचारणाऱ्यांची काळजी खरी असते, म्हणून उत्तरंही सविस्तर लिहिली आहेत.

तिसरी-चौथीच्या पोरांना सामाजिक शास्त्रं म्हणजे नेमकं काय शिकवतात?

आपल्याकडे या वयात त्या विषयाचं नाव 'परिसर अभ्यास' असं आहे. विज्ञान, भूगोल, इतिहास आणि नागरिकशास्त्र असे चार कप्पे मुलाच्या डोक्यात नसतात. विहीर दिसली की पाणी किती खोल आहे, विहीर कुणी खणली, कुणाची आहे आणि त्यात बेडूक का आहे, हे सगळं ते एकदमच विचारतं. म्हणून तिसरी ते पाचवी हा विषय एकत्र ठेवला आहे. सहावीपासून इतिहास-नागरिकशास्त्र वेगळं आणि भूगोल वेगळा होतो.

बालभारतीची एक गोष्ट मला फार मोलाची वाटत आली आहे. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक त्यांनी जिल्ह्यागणिक वेगळं काढलं. बीडच्या मुलाच्या हातात बीडचं आणि रत्नागिरीच्या मुलाच्या हातात रत्नागिरीचं पुस्तक. चौथीत दुसरा भाग शिवछत्रपतींचा आहे. पाचवीत दुसऱ्या भागात इतिहास म्हणजे काय इथपासून अश्मयुग, शेतीची सुरुवात आणि पहिली गावं येतात. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही तिसरी ते पाचवीसाठी आपल्या सभोवतालचं जग हाच विषय ठेवला आहे. पुस्तकं बदलत राहतील, विषयाचा गाभा हाच राहणार आहे: मूल जिथे राहतं तिथून सुरुवात करायची.

पहिली-दुसरीत तर या विषयाचं वेगळं पुस्तकही नसतं. मग तिथे काय करायचं?

वेगळं पुस्तक नाही हे बरंच आहे. त्या वयात भाषेच्या तासाला, खेळात आणि गाण्यातच हा विषय येतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे काम केलं, ते आजही डोळ्यांपुढे ठेवावं. मुलं गुरं राखायला कुरणात जात होती, तर शाळाच कुरणात नेली. तिचं नावच कुरणशाळा. साहित्य कुठलं, तर बिया, पानं, शिंपले, खडे. मुलांच्या हाताशी जे होतं तेच शिकवण्याचं साधन झालं.

आमच्या पहिलीत मी एवढंच करते की रोज एका मुलाने घरून शाळेत येताना काय काय दिसलं ते सांगायचं. पहिल्या आठवड्यात सगळे 'रस्ता, झाड, कुत्रं' म्हणतात. महिन्याभराने कुणीतरी सांगतं, "बाई, चक्कीवाल्या काकांनी आज शटर उघडलं नव्हतं." मग वर्ग विचार करायला लागतो: का नसेल उघडलं? लाइट गेली असेल? आज बाजारचा दिवस आहे का? कारण शोधायची सवय इथूनच लागते.

आधी वाचन आणि गणित पक्कं होऊ द्या. बाकीचं पुढे बघता येईल ना?

हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि सगळ्यांत जास्त नुकसान यातल्या समजुतीनेच होतं. ५ जुलै २०२१ ला निपुण भारत अभियान सुरू झालं. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी आकडेमोड यावी, हे त्याचं ध्येय अगदी रास्त आहे. मीही त्यासाठी जीव तोडून काम केलं आहे. पण 'समजून' हा शब्द आपण विसरतो आणि वाचनाचा वेग मोजत बसतो.

माझ्या चौथीत एक मुलगा घडाघडा वाचायचा. एकदा त्याने वाक्य वाचलं, "मुंबई हे मोठे बंदर आहे." एकही अडखळ नाही. मी म्हटलं, म्हणजे काय रे? तो म्हणाला, "बाई, मुंबईत मोठं माकड आहे." वर्गात कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांना तेच वाटलं होतं. टीव्हीवरच्या हिंदीत बंदर म्हणजे माकड असतं आणि समुद्र आमच्या बालाघाटाच्या डोंगरांपासून शेकडो किलोमीटर लांब. जहाज कुणी पाहिलेलं नाही. मग त्यांना बंदर कुठून कळणार?

त्या दिवशी भाषेचा तास बाजूला ठेवला. आपल्या कापसाची गाठ गावातून निघाली तर कुठे कुठे जाईल, हे फळ्यावर काढत गेलो. जिनिंग, ट्रक, रेल्वे, शेवटी पाणी. आता पुढे कसं न्यायचं? मुलं म्हणाली, नावेतून. एवढ्या गाठी मावतील अशी नाव कुठे उभी राहील? तेव्हा 'बंदर' कळलं. वाचनातली ती अडचण अक्षरांची नव्हतीच, जगाच्या ओळखीची होती.

याला संशोधनाचाही आधार आहे. १९८८ मध्ये अमेरिकेत सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा वाचायला दिला होता. वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ माहीत नसलेल्या मुलांपेक्षा तो उतारा जास्त समजली. आपल्याकडे कबड्डीचं वर्णन देऊन बघा, हेच दिसेल. २०२० मध्ये तिथल्याच एका मोठ्या पाहणीत दिसलं की प्राथमिक वर्गात सामाजिक शास्त्रांना जास्त वेळ मिळालेल्या मुलांचं पाचवीपर्यंत वाचन अधिक सुधारलं होतं. भाषेच्या तासाला वाढीव वेळ दिला तिथे तसा फरक दिसला नाही. म्हणून कृपा करून परिसर अभ्यासाचा तास भाषेच्या सरावाला देऊ नका. तो भाषेचाच तास आहे.

सात-आठ वर्षांच्या मुलाला 'काल' आणि 'परवा' नीट कळत नाही. त्याला इतिहास काय कळणार?

सनावळी नाही कळणार, हे खरं. पण काळ हाताने मोजता येतो. त्यासाठी सुतळीचा एक गुंडा पुरतो.

वर्षाला एक वीत. प्रत्येक मूल आपल्या वयाएवढी सुतळी मोजतं आणि टोकाला गाठ मारतं. आठ विती. मग आईची. मग आजीची. आजीची सुतळी बाकांच्या रांगेत मावत नाही, दारातून व्हरांड्यात जाते. तिथे कुणीतरी ओरडतं, "आज्जी लई लांब गेली!" मग आम्ही गाठी मारत निघतो. १९९३ ला किल्लारीचा भूकंप. १९७२ चा दुष्काळ. १९४८ ला १७ सप्टेंबर, मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मोकळा झाला तो दिवस. आणि मुलं हट्टाने विचारतात म्हणून १६७४, महाराजांचा राज्याभिषेक. ती गाठ मारायला सुतळी शाळेच्या फाटकाबाहेर जाते आणि दोन पोरं ती धरून रस्त्याच्या कडेला उभी असतात. त्यानंतर 'फार फार पूर्वी' या शब्दाला मुलांच्या मनात लांबी येते.

एका वर्षी बहात्तरच्या गाठीपाशी एका मुलीची आजी येऊन बसली. पोरांनी विचारलं, तेव्हा काय खायचा? आजीने सुकडीचं सांगितलं, परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीचं सांगितलं. आणि सहज बोलून गेली की तलावाच्या भिंतीवर तिने दगड वाहिले. कोणत्या तलावाच्या? "हाच की, आपला." तो गावालगतचा पाझर तलाव. या मुलांनी जन्मापासून तिथे म्हशी धुतल्या होत्या. त्यांच्या लेखी तो डोंगरासारखा होता, पहिल्यापासून असलेला. तो माणसांनी केला, दुष्काळात पोटासाठी केला आणि करणाऱ्यांत आपली आजी होती, हे कळल्यावर वर्ग काही क्षण अगदी गप्प झाला. दुसऱ्या दिवशी आम्ही भिंतीवर गेलो. एक मुलगा दगडांवरून हात फिरवत विचारत होता, "यातला आज्जीचा कोणता?"

इतिहास लहानपणी का शिकवायचा, याचं माझं उत्तर हेच आहे. भोवती जे आहे ते कुणीतरी केलेलं आहे, कधीतरी केलेलं आहे आणि त्याला कारण होतं, हे मुलाला कळलं की ते प्रत्येक गोष्टीकडे वेगळ्या नजरेने बघतं. हे सातव्या वर्षी कळू शकतं. सोळाव्या वर्षापर्यंत थांबलं तर तोवर सगळं गृहीत धरायची सवय लागून जाते.

नकाशा कधीपासून शिकवावा? भारताच्या नकाशापासून सुरुवात करावी का?

भारताच्या नकाशापासून मुळीच नाही. आधी बाक, मग वर्ग, मग शाळेचं आवार, मग घर ते शाळा. पावलं मोजायची, जमिनीवर खडूने काढायचं, सकाळी सूर्याकडे तोंड करून उभं राहायचं आणि डावा हात कुठे, उजवा कुठे ते बघायचं. जिल्ह्याचा नकाशा यानंतर. सुरुवातीच्या चित्रांत मुलाचं घर देवळापेक्षा मोठं असतं. ते खोडून दुरुस्त करू नका. प्रमाण हळूहळू येतं.

आणि नकाशा मुलांकडूनही शिकायला मिळतो. आमच्या पाटोदा तालुक्यातली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, जावंच लागतं. ज्यांना मागे ठेवायला कुणी नाही ती मुलं आईबापांबरोबर जातात. हंगामी वसतिगृहं असतात, पण सगळीच मुलं तिथे राहत नाहीत. तिसरीतली एक मुलगी अशीच मार्चच्या शेवटी परत आली. हजेरीपटावर तिच्यापुढे चार महिन्यांच्या रिकाम्या रांगा होत्या. वाचन मागे पडलेलं, वर्गात तोंड उघडायची नाही.

भिंतीवर बीड जिल्ह्याचा नकाशा होता. मी विचारलं, कोण कोण जिल्ह्याबाहेर गेलंय? ती उठली. पाटोद्यावर बोट ठेवलं, जिल्ह्याच्या हद्दीपर्यंत आणलं आणि नकाशा संपला तरी थांबली नाही. बोट भिंतीच्या चुन्यावर गेलं. "इथं जामखेड." मी तिच्या हातात खडू दिला. डावीकडे आणि खाली सरकत तिने ठिपके काढले. करमाळा. टेंभुर्णी. पंढरपूर. सांगोला. मिरज. वाटेत नद्या कोणत्या लागल्या? "आधी सीना, मग चंद्रभागा, मग कृष्णा. अंकलीच्या पुलावर आई नाणं टाकती." ट्रक रात्री कुठे थांबतो, कुठे थंडी वाजते, कुठून पुढे दोन्हीकडे हिरवंगार दिसायला लागतं, सगळं तिला ठाऊक. चार जिल्हे ओलांडून कोल्हापूरच्या फडात पोचलेली ती पोर आमच्या दप्तरी 'सतत गैरहजर' होती.

मग वर्गाने विचारायला सुरुवात केली. तिकडे हिरवं का आणि इकडे का नाही? तिकडे पाऊस जास्त पडतो का? ऊस तिकडेच का? योगायोगाने त्याच मिरजेहून एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी नेलं होतं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी आणि एकेकीत सुमारे ५०,००० लिटर. लातूरला पाणी मिळतं ते मांजरा धरणातून आणि मांजरा नदीचा उगम आमच्याच तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात. आमच्या डोंगरात उगम पावलेल्या नदीवरचं धरण आटलं आणि कृष्णेचं पाणी आगगाडीतून आलं. हा धडा कुठल्याही पुस्तकात एका जागी नाही. तो त्या मुलीने भिंतीवर काढलेल्या रेघेतून निघाला.

त्या दिवसापासून ती बोलायला लागली. वाचनही सुधारलं, पण ते नंतर. जाताना तिने मला एक प्रश्न विचारला होता: "बाई, मग माझा जिल्हा कोणता? आम्ही तर निम्मं वरीस तिकडंच असतो." मी म्हटलं, तू दोन्हीकडची आहेस. आजही मला वाटतं की ते उत्तर अपुरं होतं.

नागरिकशास्त्र म्हणजे सरपंच, तलाठी, ग्रामसेवकाची कामं पाठ करणं. मुलं कंटाळतात. काय करावं?

पाठ करायला लावलं तर कंटाळणारच. ग्रामपंचायतीत घेऊन जा. एका गावात आम्ही गेलो तेव्हा फलकावर आजवरच्या सरपंचांची नावं होती. आपल्या राज्यात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, हे मी आदल्या दिवशी सांगितलं होतं. एका मुलीने फलकावरचं शेवटचं नाव वाचलं, खुर्चीकडे पाहिलं आणि विचारलं, "सरपंच तर काकू आहेत, मग खुर्चीत काका कशाला?" कुणालाच उत्तर देता आलं नाही. पुढच्या महिन्यात आम्ही परत गेलो तेव्हा काकू स्वतः बसल्या होत्या आणि त्यांनी मुलांना घरपट्टीची पावती दाखवली.

शाळेतही करता येतं. हँडपंपावर रोज भांडणं व्हायची. मुलांनी बालसभा घेतली, नियम केले, आठ दिवसांत त्यातला एक चुकीचा निघाला आणि बदलला. लहान मुलांना आधी पाणी देण्याचा नियम करताना 'लहान' म्हणजे कितवीपर्यंत, यावर अर्धा तास वाद झाला. कायदा कसा होतो हे त्यांना त्या अर्ध्या तासात समजलं.

जात, गरिबी, भेदभाव हे लहान मुलांपुढे बोलावं का? त्यांच्या मनात नको ते भरेल.

ते आधीच भरलेलं असतं. आपण बोललो नाही म्हणून ते जात नाही.

गावाचा नकाशा काढताना एका गटाने चार रस्ते, मारुती, शाळा, दवाखाना, दूध डेअरी असं सगळं काढलं. ओढ्यापलीकडची वस्ती मात्र काढलीच नाही. त्याच वर्गातली सहा मुलं तिथून येत होती. मी विचारलं, हे राहिलं का? एक मुलगा अगदी निरागसपणे म्हणाला, "ते गावात नाही ना, बाई. ते तिकडं आहे."

मी रागावले नाही. आठ वर्षांच्या मुलाने ते कुठून उचललं हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मी जोड्या लावल्या: ओढ्याच्या अलीकडचं एक मूल, पलीकडचं एक. शाळा सुटल्यावर एकमेकांच्या घरापर्यंत पावलं मोजत जायचं आणि नकाशा नव्याने काढायचा. शाळेपासून पलीकडची घरं अलीकडच्या कितीतरी घरांपेक्षा जवळ निघाली. आकडे मुलांनीच मोजले होते, त्यामुळे वादाला जागा नव्हती. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. नवा फलक लागला तरी मोठ्यांच्या तोंडी जुनंच नाव होतं. मुलांनी नव्या नकाशावर नवं नाव लिहिलं आणि मोठ्यांच्या चुका दुरुस्त करायला लागली.

मात्र एक पथ्य कडक पाळावं. कुठल्याही मुलाला उभं करून 'तुला कसं वागवतात ते सांग' असं कधी विचारू नये. त्याच्या जखमेवर दुसऱ्यांचा धडा घ्यायचा नाही. त्यापेक्षा २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर हजारो माणसांबरोबर पाणी प्यायला का गेले, ही गोष्ट सांगावी. तळं सगळ्यांचं, मग पाणी काहींनाच का? हा प्रश्न चौथीच्या मुलाला पूर्ण कळतो. हँडपंपावरचा नियम त्याने स्वतः केलेला असतो.

चौथीला शिवाजी महाराज शिकवताना ते गोष्टीसारखं शिकवावं की इतिहासासारखं?

दोन्ही. अफजलखान आणि आग्रा मुलांना हवंच असतं आणि ते रंगवूनच सांगावं. पण तिथेच थांबलं तर मुलाच्या हाती फक्त लढाया राहतात. मी आवर्जून महाराजांचं एक पत्र सांगते, चिपळूणकडच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं. त्यात दाणा-वैरण बेताने वापरा, नाहीतर पावसाळ्यात संपेल आणि मग तुम्ही रयतेला त्रास द्याल, अशी ताकीद आहे. रात्री दिवा तसाच जळत ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, असंही त्यात लिहिलं आहे.

हे ऐकून मुलं चकित होतात. एवढा मोठा राजा उंदराचा विचार करतो? मग मी विचारते, आपल्या कडब्याची गंजी पेटली तर काय होईल? आमच्या मुलांना याचं उत्तर अनुभवाने माहीत आहे. गुरं उपाशी राहतील, बाप दुसऱ्याच्या दारी वैरण मागायला जाईल. घोडी उपाशी राहिली तर सैनिक कुणाच्या दारी जाईल? रयतेच्या. आणि मागून आणेल का? "न्हाई, हिसकून." इथपर्यंत मुलं स्वतः येतात. राज्य चालवणं म्हणजे काय, हे तलवारीपेक्षा त्या वातीने जास्त नीट समजतं. आणि जुन्या काळाची माहिती कागदपत्रांतून मिळते, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

शिष्यवृत्ती परीक्षेत या विषयाचा पेपरच नाही. मग एवढा वेळ कशाला?

पेपर नाही हे खरं आहे. प्राथमिकच्या शिष्यवृत्तीत भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता असते. पण तिथले उतारे जगाबद्दलच असतात, आणि बंदराचं उदाहरण वर आलंच आहे.

परीक्षा कशी घ्यावी?

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय २०१० पासून आहे आणि आकारिक, म्हणजे वर्षभर शिकताना होणाऱ्या, मूल्यमापनात प्रकल्प, उपक्रम, तोंडी काम यांना जागा आहे. ती जागा वापरा. 'रिकाम्या जागा भरा' कमी करा. मी प्रत्येक मुलाला सत्रातून एकदा कुणा मोठ्या माणसाची मुलाखत घ्यायला लावते आणि उत्तरांपेक्षा प्रश्नांना जास्त महत्त्व देते. "तुमचं नाव काय?" इथून सुरू झालेलं मूल वर्षाच्या शेवटी "मग तुम्ही धंदा का बदलला?" असं विचारत असेल, तर त्याची प्रगती झाली. अशा नोंदी करायला वेळ लागतो, हे मान्य आहे. तो वेळ शिक्षकांना मिळत नाही, ही तक्रारही खरी आहे.

आम्ही शहरात फ्लॅटमध्ये राहतो. आमच्या मुलांना कसला परिसर?

शहरात तर खजिना आहे. पुण्यात पेशवाईत कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने पाणी आणून पेठांमधल्या हौदांत सोडलं होतं. आज आपल्या नळाला पाणी कुठून येतं, इथून सुरू करून मुलाला त्या हौदापर्यंत नेता येतं. मुंबईत चिंचपोकळी, वडाळा, फणसवाडी, उमरखाडी ही नावं मुलाला मोठ्याने म्हणायला लावा. कुठलं झाड लपलंय ते त्यालाच ओळखू द्या, मग ते लोकलमधून प्रत्येक स्टेशनची पाटी संशयाने वाचेल. सोसायटीचे वॉचमन काका, कचरा नेणाऱ्या ताई, इस्त्रीवाले दादा कोणत्या गावचे आहेत आणि ते गाव सोडून का आले, हे सन्मानाने विचारायला शिकवा. बहुतेक मुलांना त्यांचं नावही माहीत नसतं.

क्षेत्रभेटीला परवानगी, पैसा, गाडी लागते. ते कुठून आणायचं?

चालत जा. आजवरच्या माझ्या सगळ्या चांगल्या भेटी शाळेपासून एक-दीड किलोमीटरच्या आतल्या आहेत: पोस्ट, पिठाची गिरणी, बारव, कुंभाराचा आवा, रेशन दुकान. मुख्याध्यापकांना सांगून, पालकांपैकी दोघांना बरोबर घेऊन. निघण्याआधी वर्गात प्रश्न ठरवले नाहीत तर ती सहल होते, तेवढं सांभाळावं.

घरी आम्ही काय करू शकतो? आम्ही फार शिकलेलो नाही.

तुम्हाला जे माहीत आहे ते शिक्षकांना माहीत नाही. आठवडी बाजारात पोराला बरोबर न्या आणि कोथिंबीर कुठून आली ते त्यालाच विचारू द्या. लाइटबिल वाचून दाखवायला सांगा. आजीच्या माहेरचं गाव कुठे, तिथून ती लग्नात कशी आली, बैलगाडीने की एसटीने, हे तिच्याच तोंडून ऐकू द्या. शेतांची नावं सांगा. 'आंब्याचं', 'बारवाचं', 'वरचं माळाचं' ही नावं सातबाऱ्यावर बहुधा लिहिलेली नसतात, तुमच्याच तोंडी आहेत, आणि तुम्ही सांगितली नाहीत तर तुमच्याबरोबर जातील.

एका मुलाचे वडील दुसरीतूनच शाळा सुटलेले. मी परिसरातल्या झाडांची माहिती आणायला सांगितली होती. इतर मुलांनी मोबाइलवरून वडाचे उपयोग उतरवून आणले. हे वडील संध्याकाळी पोराला घेऊन शेताच्या चारही बांधांवरून फिरले आणि एकेक झाड कुणी लावलं ते सांगत गेले. दुसऱ्या दिवशी वहीत अकरा झाडं होती. बोर, आपोआप आलेली. दोन आंबे, चुलत्याने लावलेले. बाभळ, औतासाठी राखलेली. अकरावं लिंबाचं होतं आणि त्याच्यापुढे वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'कोणी लावलं पप्पाला माहीत नाही, आबाला विचारायचं आहे.'